माशी दिसत नाय

यादी शस्त्रागाराच्या दारावर डकवलेली होती आणि तिच्यात रत्नप्रभा चंदने हे नाव नव्हतं.

हवालदार रत्नप्रभानं ती तीनदा वाचली. पहिल्यांदा जवळून, तेव्हा अक्षरं एकमेकांत मिसळली. मग दोन पावलं मागं सरकून. तिसऱ्यांदा मोठ्यानं, आजूबाजूच्या पोरांनाही ऐकू जावं म्हणून. नव्या पिस्तुलांसाठी निवडलेली सहा नावं होती, त्यांत सगळ्यात थोरला चौतिशीचा. पथकात पंचेचाळीसच्या वरचे दोघंच होते, एक ती आणि दुसरे हवालदार काळू शिंगोळे. दोघंही गळाले होते.

अकरा वर्षं ती शहापूरच्या या हत्यारी पथकात होती. धरणावरचा पहारा असो, मंत्र्यांचा दौरा असो, म्हसाच्या जत्रेतला बंदोबस्त असो, कमरेला पिस्तूल लावून उभी राहणारी पथकातली ती एकटी बाई. दरवर्षीच्या नेमबाजीत सात वेळा तिचा पहिला नंबर आला होता. आता तिचं वय अठ्ठेचाळीस होतं आणि यादीच्या खाली, उरलेल्यांच्या रकान्यात, तिच्या नावासमोर ‘बारनिशी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे आलेलं-गेलेलं टपाल नोंदवायचं टेबल.

तिनं दारावरचा कागद सोडवला, घडी घातली आणि थेट उपनिरीक्षक रूपेश भोईरांच्या खोलीत गेली.

रूपेश भोईर एकोणतीस वर्षांचे. पुण्याहून चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांच्या पाठोपाठ सहा नवी पिस्तुलं आली होती. त्या पिस्तुलांच्या पाठीवर आगपेटीच्या निम्म्या आकाराची काच बसवलेली, आणि काचेत मोहरीएवढा लाल ठिपका. कागदावर त्याला ‘रेड डॉट’ म्हणत. पथकातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ‘टिकली’ ठेवलं होतं.

“सर, यादीत माझं नाव राहिलंय.”

“राहिलं नाही, चंदने मॅडम. घेतलंच नाही.” रूपेश उठून उभे राहिले. उद्धट माणूस नव्हता तो. “बसा ना. हे बघा, पद्धत सगळी नवीन आहे. जुनी सवय मोडून नवीन लावायला टाइम लागतो, आणि पिस्तुलं सहाच. म्हणून मी तरुण माणसं घेतली. तुम्हाला टेबल दिलंय. उन्हातान्हातनं सुटाल.”

“मी सुटायला मागितलं व्हतं?”

“तसं नाही...”

“सात वेळा पहिला नंबर काढलाय मी. माशीवर. त्या टिकलीची मला गरज नाय, सर. ज्याला माशी धरता येत नाय त्यानं लावावी काच.”

“तेच म्हणतोय मी,” रूपेश शांतपणे म्हणाले. “तुमचा हात माशीवर बसलाय. आता तो हलायचा नाही.”

ती बाहेर आली ती कान तापलेले घेऊनच. बोलायचं ते ती बोलली होती आणि यादी होती तशीच होती. शिवाय बोलताना ती एक गोष्ट गिळून गेली होती. माशी तिला दोन वर्षांपासून दिसत नव्हती.

जुन्या पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक बारीक लोखंडी उंचवटा असतो. ती माशी. मागं, डोळ्याच्या बाजूला, एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणायची, दोन्हींची डोकी एका रेषेत, आणि त्या रेषेवर निशाण ठेवायचं. डोळा एका वेळी तीन ठिकाणी बघू शकत नाही. म्हणून नेमबाजाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात, की नजर माशीवर. निशाण धूसर दिसलं तरी चालेल, खाच धूसर दिसली तरी चालेल, माशी मात्र धारदार दिसली पाहिजे.

रत्नप्रभाला हे पोलिसात येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. तिचे वडील म्हादू भातसानगरच्या कॉलनीत गोदामावर चौकीदार होते. गावात पाटलाच्या ओट्याखालून जाताना मान खाली घालावी लागलेला हा माणूस खाकी चढवली की ताठ उभा राही. त्यांच्या हातात एकनळी बंदूक असायची आणि नोकरीच्या तेवीस वर्षांत त्यांनी ती एकदाही उडवली नाही. मात्र सुट्टीत पोरगी कॉलनीत आली की बंदूक सांध्यातून उघडून, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, तिच्या खांद्याला लावत आणि म्हणत, “माशी बघ. पितळेचा मनी हाय ना, त्याच्यावर डोळा ठेव. पलीकडचं आपसूक येतं.”

तिनं आयुष्यभर तेवढंच केलं होतं. आणि मग सेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी चांदमारीवर, गोळीबाराच्या मैदानात, माशी सुरवंटासारखी केसाळ झाली. तिनं डोळे पुसले. माशी तशीच. मुरबाडच्या बाजारातून तिनं गुपचूप चाळीशी आणली. ती लावली की माशी स्वच्छ दिसे आणि पंचवीस मीटरवरचं निशाण विरघळून जाई, समोरून चालत येणाऱ्या माणसाचा चेहरासुद्धा. तो चष्मा लावून पहाऱ्यावर उभं राहणं म्हणजे डोळे मिटून उभं राहणं. तिनं चाळीशी कपाटात टाकली आणि हाताच्या सवयीवर गोळ्या मारू लागली. शंभरातले सत्त्याण्णव होते ते नव्वदावर आले, मग ब्याऐंशीवर. विचारलं कुणी तर ती म्हणे, “खांदा दुखतोय.”

काळू शिंगोळे तिला जिन्यात भेटले. शिंगोळे एक्कावन्न वर्षांचे, डोळखांबकडचे, पथकात तिच्याही आधीपासून होते.

“काय बोलला सायेब?”

“टेबल घ्या बोलला.”

“मंग घे ना. मी घेतला. रत्ना, एक सांगतो, जास्त उकरू नको. उकरलं तर खालनं काय काय निघंल.” त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “गप राह.”

ते का म्हणताहेत हे तिला तेव्हा कळलं नाही. गप राहा हा सल्ला तेवढा डोक्यात गेला. लहानपणापासून तो तिला पुष्कळांनी दिला होता.

रविवारी ती गावी गेली. म्हसापासून आत पाच किलोमीटरवर गाव, आणि गावाच्या कडेला त्यांची वस्ती. तिची आई गोजाबाई बुद्धविहाराच्या पायरीवर सूप घेऊन नवे तांदूळ निवडत बसली होती. शेजारी दोन बायका होत्या, त्या “जय भीम ताई” म्हणून उठून गेल्या. तोंड बघून त्यांना कळलं असावं.

“काय गो, तोंड का आसं?”

रत्नप्रभानं सगळं सांगितलं. यादी, टेबल, एकोणतीस वर्षांचा साहेब, त्याची काच. गोजाबाई खडे वेचत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “पन तुला दिसतंय का नाय?”

गेले चार दिवस प्रत्येक जण वयाबद्दल बोलत होता. नवरा सतीश म्हणाला होता, आता आराम कर. मैत्रीण निर्मला म्हणाली होती, अन्याय आहे. डोळ्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

“नाय दिसत, आये.”

“कवापास्नं?”

“दोन वर्सं झाली.”

गोजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “आनि मला काय बोलली व्हतीस तवा? मोतीबिंदू पिकला तरी मी सुरी लावू देत नव्हते, तीन वर्सं. तू मला धरून नेलीस मुरबाडच्या शिबिराला. गाडीत काय बोललीस, आठवतंय? आये, आंधळेपनाचा मान मिरवू नको. माझ्या डोळ्यात काच बसवलीस तू. आता बघ, हा खडा, हा तांदूळ. मंग बंदुकीला काच बसली तर तुझी कंची अब्रू जाते गो?”

“ते येगळं, आये. बाबांनी मला माशीवर शिकवलं. त्यांचं...”

“तुझा बाप!” म्हातारी खवळली. “तुझ्या बापाला नजर कमी झाली म्हनून घरी बस बोलले आसते, तर त्यानं काय केलं आसतं? माशी माशी करत बसला आसता? भांडून काच मागितली आसती त्यानं. त्याला पहाऱ्यावर उभं राहायचं व्हतं. कशानं बघून, त्याची त्याला फिकीर नव्हती.”

रत्नप्रभाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. दोन वर्षांचं ओझं एका वाक्यात खाली आलं होतं. परतीच्या एसटीत तिनं मांडीवर वही ठेवून अर्ज लिहायला घेतला. वही हात लांब करून धरावी लागत होती, आणि आता ते कुणी बघत असलं तरी तिला पर्वा नव्हती.

अर्ज उपअधीक्षक साहेबांना होता. तिनं दया मागितली नाही, सात नंबरांचा उल्लेखही केला नाही. मागणी एकच होती. पथकातल्या सगळ्या बारा जणांची उघड परीक्षा घ्या, वय बघू नका, मार्क बघा. पहिल्या दहा गोळ्या माशीवर. दुसऱ्या दहा टिकलीवर. तिसऱ्या दहा घाईच्या, तीन सेकंदांत दोन, ज्याला जे पिस्तूल हवं त्यानं. वरचे सहा ते पथकात.

शस्त्रागाराची हवालदार निर्मला, तिची जुनी मैत्रीण, अर्ज वाचून कपाळाला हात लावून बसली. “रत्ना, माशीच्या दहा गोळ्या कशाला घातल्यास? भोईर साहेब तर नुसत्या टिकलीवरच घ्या म्हणतायत. तुला माशी दिसत नाय हे तूच मला परवा सांगितलंस. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?”

“ज्याला माशी धरता येत नाय त्याच्या हातात टिकली द्यायची नाय. उद्या ब्याटरी गेली, काच फुटली, तर उभा राहील तसाच? मला नाय येत म्हणून नियम खोटा होतो का?”

“मग तू पडशील.”

“दहा गोळ्यांत पडेन. वीस राहतात.”

उपअधीक्षक साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी अर्जावर ‘मान्य’ एवढंच लिहिलं आणि बारा दिवसांनंतरची तारीख टाकली. रूपेश भोईरांना ते आवडलं नाही, पण त्यांनी आदेश मानला. फक्त सरावासाठी टिकलीची पिस्तुलं यादीतल्या सहा जणांनाच मिळतील, असं त्यांनी जाहीर केलं. गोळ्या मोजक्या होत्या, ते खरंही होतं.

मग रत्नप्रभानं शस्त्रागारातली साफसफाई मागून घेतली. त्या कामाला माणूस नेहमीच कमी पडे, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती निर्मलासमोर बसे. निर्मला पिस्तूल रिकामं करून, नळीत बोट घालून खात्री करून देई, आणि तेल लावून पुसून झालं की रत्नप्रभा ते भिंतीकडे उचलून धरी.

पहिल्या दिवशी टिकली बघून ती घाबरली. ठिपका स्थिर नव्हताच. भिंतीवरच्या खिळ्याभोवती तो गांधीलमाशीसारखा भिरभिरत होता.

“हे बिघडलंय,” ती म्हणाली.

“बिघडलेलं नाय. तुझा हात हलतो तो दिसतोय,” निर्मला म्हणाली. “पोरंही पहिल्या दिवशी हेच बोलली. ठिपका खिळ्यावर आला रे आला की चाप खेचतात, आणि गोळी जाते खाली.”

हात हलतो! पोलिसातली सव्वीस वर्षं तो हलतच होता. माशीवर ते एवढं दिसत नव्हतं, इतकंच. माशी कधी पूर्ण थांबत नाही, ती थोडी डुलू द्यायची आणि त्या डुलण्यातच चाप सावकाश मागं आणायचा, हे तर तिनं कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं. तिनं ठिपक्याला डुलू दिलं. चाप मागं आणला. रिकाम्या पिस्तुलाचा खट् आवाज झाला तेव्हा ठिपका खिळ्यावरच होता.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. नवीन पोरं पिस्तूल उचलत तेव्हा काचेत टिकलीच सापडत नसे. मनगट जरा वर, जरा खाली, मग ते नळी हलवून ठिपका शोधत बसत. तिनं पिस्तूल उचललं की टिकली काचेच्या मधोमध हजर. खाचेत माशी बसवून बसवून मनगटाला तो कोन पाठच झाला होता. भोईर साहेब म्हणाले होते, तुमचा हात माशीवर बसलाय. बसला होता खरा. डोळा मात्र अडत होता.

कारण टिकलीचा नियम अगदी उलटा. तिच्याकडे बघायचंच नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून निशाणाकडे बघायचं, आणि टिकली निशाणावर तरंगत येऊ द्यायची. रत्नप्रभाचा डावा डोळा सवयीनं मिटे आणि उजवा जवळ येऊन माशी शोधे. ती सवय मोडायला तिनं घरी खिडकीच्या काचेवर मुलीची, भाग्यश्रीची, लाल टिकली चिकटवली. रोज पहाटे चहा हातात घेऊन ती खिडकीशी उभी राही आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवरच्या नळाकडे दोन्ही डोळ्यांनी बघे. नळ स्पष्ट दिसला पाहिजे आणि टिकली त्याच्यावर धुक्यासारखी. पहिले चार दिवस डोकं दुखलं. पाचव्या दिवशी डोळा आपणहून टाकीवर जाऊन बसला. दूरचं तिला काल जेवढं दिसत होतं तेवढंच आजही दिसत होतं, अगदी नळातून ठिबकणाऱ्या थेंबासकट. दोन वर्षं ती आंधळी झाल्यासारखी वागत होती, आणि डोळा फक्त जवळचं बघायला नकार देत होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला बारा जण डोंगराच्या पोटाशी असलेल्या चांदमारीवर जमले. ऊन कोवळं होतं, वारा पडलेला. उपअधीक्षक साहेब खुर्चीवर बसले. रूपेश भोईर हातात तक्ता घेऊन उभे.

माशीच्या दहा गोळ्या झाल्या. रूपेशनी एकेक नाव वाचलं. संदीप म्हणून एक सव्वीस वर्षांचा शिपाई होता, त्याचे अठ्ठ्याऐंशी. कुणाचे ऐंशी, कुणाचे पंचाहत्तर. “शिंगोळे, एकोणसत्तर.” आणि मग जरा थांबून, “चंदने, एकाहत्तर.”

मागं कुणीतरी हलकेच शीळ घातली. सात वेळा पहिला नंबर! रूपेशनी तक्त्यावरून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट जरा वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. “मॅडम, खांदा अजून दुखतोय का?” ते म्हणाले. सुटायला वाट करून दिली त्यांनी.

ती वाट धरणं सोपं होतं. काळू शिंगोळे तिच्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांची मान अगदी बारीक, नाही-नाही अशी हलत होती.

“खांदा बरा हाय सर,” रत्नप्रभा म्हणाली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “माशी दिसत नाय मला. दोन वर्षं झाली. खांदा दुखतोय ते खोटं व्हतं.”

रूपेशनी तक्ता खाली घेतला.

“म्हणजे,” रूपेश सावकाश म्हणाले, “दोन वर्षं तुम्ही दिसत नसताना हत्यार लावून पहाऱ्यावर होतात?”

“माणूस दिसत व्हता. माशी दिसत नव्हती. पण हो, लपवलं मी. चूक माझी, लिहा ती. काय शिक्षा असंल ती द्या.” तिचा आवाज थरथरला आणि तिनं तो थरथरू दिला. “फक्त वीस गोळ्या राहिल्यात माझ्या, त्या मारू द्या. त्या मी मागून घेतल्यात.”

रूपेशनी उपअधीक्षक साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “गोळ्या द्या त्यांना.”

तिनं टिकलीचं पिस्तूल हातात घेतलं. त्यातून खरी गोळी तिनं अजून एकही झाडली नव्हती. उचललं. दोन्ही डोळे उघडे. निशाणाचं काळं वर्तुळ इतकं साफ दिसलं की तिला क्षणभर मागच्या मातीच्या ढिगातला दगडही दिसला. टिकली आली, डुलली. तिनं डुलू दिलं.

पहिली गोळी आठवर, जरा डावीकडे. अनोळखी पिस्तुलाचा धक्का. दुसरी नऊवर. त्यानंतर तिनं मोजणं सोडलं.

रूपेश स्वतः निशाणापर्यंत चालत गेले. त्यांनी भोकं बोटानं मोजली, मग पुन्हा मोजली. “चंदने, त्र्याण्णव,” त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं.

घाईच्या फेरीत तिला टिकली सापडायला वेळच लागला नाही. पिस्तूल वर आलं की ठिपका तिथं असायचाच. पोरांचा मात्र दोघा-तिघांचा ठिपका ऐन वेळी काचेबाहेर राहिला आणि दुसरी गोळी तीन सेकंदांनंतर गेली. तिचे पंचाण्णव झाले, त्या फेरीतले सगळ्यात जास्त. एकूण तीनशेपैकी दोनशे एकोणसाठ. संदीपचे दोनशे चौऱ्याहत्तर होते, तो पहिला. रत्नप्रभा तिसरी. शिंगोळे आठवे, बाहेर. यादीतली सहापैकी दोन पोरं माशीवर इतकी घसरली होती की त्यांची नावं खाली गेली.

“टिकलीवर कधी शिकलात?” रूपेशनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“दुपारची. तुमची पिस्तुलं पुसताना.”

रूपेश हसले नाहीत. तक्ता बघत म्हणाले, “माशीची फेरी ठेवायलाच नको म्हणत होतो मी. ती दोन पोरं मग पथकात राहिली असती.” आणि मग, अधिकाऱ्याच्या आवाजात, “पण लपवल्याचा अहवाल मला वर पाठवावा लागेल.”

“पाठवा सर. मीच बोलले लिहा म्हणून.”

पथकात नाव लागल्याचा आदेश सोमवारी आला आणि कारणे दाखवा नोटीस बुधवारी. दृष्टिदोष वरिष्ठांपासून लपवल्याबद्दल कारवाई का करू नये, तीन दिवसांत खुलासा करावा. निर्मला म्हणाली, वकिलाला विचार, नीट शब्द घाल. रत्नप्रभानं स्वतःच लिहिलं: ‘लपवला हे खरं आहे. सांगितलं असतं तर डोळे तपासण्याआधी टेबल मिळालं असतं, म्हणून लपवला. तरी चूक ती चूकच. शिक्षा मान्य आहे. विनंती की पथकातल्या सर्वांचे डोळे दरवर्षी तपासावेत, आणि ज्यांना माशी दिसत नाही त्यांना टेबल देण्याआधी टिकलीवर एक संधी द्यावी.’

सक्त ताकीद मिळाली आणि ती सेवापुस्तकात चढली. सव्वीस वर्षांच्या स्वच्छ पुस्तकातला पहिला डाग. तो तिला लागला, खोटं कशाला सांगा. त्या दिवशी ती जेवली नाही. पण विनंतीचा पहिला अर्धा भाग साहेबांनी मान्य केला. जत्रेच्या आठवडाभर आधी डोळे तपासणारे डॉक्टर आले आणि चाळिशीच्या वरचे सगळे रांगेत उभे राहिले.

तिच्याखेरीज आणखी चौघांना जवळचं दिसत नव्हतं, त्यांतले तिघं अजून जुन्या पिस्तुलावर पहारा देणारे; टेबलावरून रात्रीच्या पहाऱ्याला जाणारे शिंगोळेही त्यांत. तिघांचीही हत्यारं पुढच्या निर्णयापर्यंत जमा झाली. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये रत्नप्रभा बसली की बाक रिकामं होई. “स्वतः बुडाली ती बुडाली, आमाला घेऊन बुडाली,” असं काळू शिंगोळे सगळ्यांत मोठ्यानं म्हणत. ती ऐकत असतानाच म्हणत. ती चहा संपवून, कप विसळून ठेवून जाई. रोज त्याच बाकावर बसे. दुसरीकडे बसायला गेलीच नाही.

म्हसाच्या जत्रेत ती बंदोबस्ताला होती. बैलांच्या बाजारात, घोंगड्यांच्या दुकानांपुढं, पाळण्यांखाली, दिवसभर. गोजाबाई नातवंडांना घेऊन आली होती. तिनं लांबूनच लेकीच्या कमरेकडे बघितलं, पिस्तुलावरची काच बघितली, शेजारणीला कोपरानं ढोसून काहीतरी सांगितलं आणि खाजा घ्यायला निघून गेली. ड्युटीवरच्या माणसाला हाक मारायची नसते, हे चौकीदाराच्या बायकोला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत विनंतीचा उरलेला अर्धा भागही मान्य झाला. हत्यारं जमा झालेल्यांना टिकलीवर एक संधी. सराव कोण घेणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा रूपेश भोईरांनी तिचं नाव दिलं.

पहिल्या दिवशी दोघं आले. काळू शिंगोळे आले नाहीत. ते तिसऱ्या दिवशी, बाकीचे गेल्यावर, शस्त्रागाराच्या दारात येऊन उभे राहिले. निर्मला आत नोंदी करत होती. रत्नप्रभा पिस्तूल पुसत होती.

“ते दोन डोळ्यांचं कसं काय असतं?” शिंगोळे उंबऱ्याकडे बघत म्हणाले. “संदीप काहीतरी सांगत व्हता.”

“शिकवते. आधी काय दिसत नाय ते सांगा.”

“तुला म्हाईत हाय की.”

“मला म्हाईत हाय. तुमी बोला.”

“रत्ना, निर्मला बसलीय तिथं.”

“म्हणूनच. मी बारा जणांपुढं बोलले, तुमाला एकच माणूस हाय.”

शिंगोळ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बाहेर मैदानावर कवायतीची शिट्टी झाली. मग ते खाकरले आणि म्हणाले, “माशी दिसत नाय.”

“मोठ्यानं, काळूदादा.”

“माशी दिसत नाय मला!” ते ओरडलेच. निर्मलाचा पेन थांबला. मैदानावरच्या दोन पोरांनी वळून बघितलं.

रत्नप्रभानं पिस्तूल उघडलं, नळी रिकामी असल्याचं निर्मलाला दाखवलं, निर्मलानं मान डोलावली. मग तिनं ते शिंगोळ्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

“भिंतीवर खिळा हाय. त्याच्याकडे बघा. डावा डोळा मिटू नका. मिटलात, दादा. उघडा.”